तुराटीचं माप

"पाच नंबर," मन्मथ म्हणाला. "पण डावा पाय जरा भरलेला हाय तुमचा, अक्का. पट्ट्याला एक भोक जादा पाडून देतो."

नव्या वसाहतीतल्या इंजिनियरची बायको अजून नीट बसलीही नव्हती. तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग मन्मथकडे.

"तुम्ही मोजलं कधी?"

"तुमी दारातनं येताना."

गल्ल्यावर बसलेले ईश्वरप्पा मालक खूश होऊन हसले. "बाई, आमचा मन्मथ पाय मोजत न्हाई, पायाची पत्रिकाच बघतो. सव्वीस वर्षं झाली. अजून एक जोड परत आला न्हाई."

यात मालकाची दुकानदारी होती तेवढाच खरेपणाही होता. लातूरच्या गोलाईत जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर 'डायमंड शू मार्ट' होतं. वडिलांच्या मागे त्यांचं नाव दुकानाला द्यावं असं ईश्वरप्पांच्या फार मनात होतं, पण बापाचं नाव चपलांवर लिहू नये असं चार शहाण्यांनी सांगितलं, म्हणून डायमंड. त्या डायमंडच्या बायकांच्या बाजूला, बुटक्या स्टुलावर, मन्मथ बसायचा. दारात चपलांच्या माळा कमरेपर्यंत लोंबत. त्यामुळे येणाऱ्या बाईचं तोंड त्याला शेवटी दिसायचं, आधी दिसायचे पाय. टाच कशी पडते, अंगठा वर राहतो की माती उकरतो, यावरून तो नंबर सांगे. बाई लाजरी असली की हा मान वर करीत नसे. 'पाय द्या अक्का' म्हणायचा आणि पायाशीच बोलल्यासारखा बोलायचा. त्यामुळे डोक्यावरचा पदर कधी न ढळलेल्या बायाही त्याच्यापुढे पाय करीत.

अर्थात खेड्यातल्या बाया दुकानात येतच कुठे होत्या! त्यांची काडी यायची. घरातल्या बाईचा पाय जमिनीवर ठेवायचा, तुरीच्या वाळक्या झाडाची, तुराटीची काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, विळ्याने कापायची, आणि ती काडी खिशात खोचून पुरुषाने बाजारला यायचं. धान्याची पोती विकून झाली की काडी पुढे करायची, "ह्या मापाची द्या." मन्मथ प्रत्येक काडी डोळ्यापाशी नेऊन बघे आणि विचारी, "दोन्ही टोकं कापलेलीच हायत ना? मोडकं टोक असंल तर माप खोटं." हे तो न चुकता विचारायचा.

त्या साली काड्या आल्याच नाहीत. जिल्हा होऊन साडेचार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबांच्या बायका आल्या, आणि त्यांच्यासाठी मालकांनी आग्र्याहून टाचांच्या सँडल, बंद चवड्याच्या चकचकीत बेल्या, काय काय मागवलं. पण पाऊस काही जिल्ह्याच्या मागोमाग आला नाही. सलग दोन वर्षं त्याने तोंड फिरवलं. खेड्यातली लग्नं पुढे गेली, आणि लग्नं पुढे गेली की चपलाही पुढे जातात. शेवटी मालकांनी कापडी पाटी लावली, 'भव्य सेल, फक्त आठ दिवस'. आज आठवा दिवस होता. उरलेला बायकांचा माल उद्या नांदेडच्या व्यापाऱ्याला ठोक भावात जाणार होता.

मन्मथला मात्र दुष्काळाला शिव्या घालताना जरा जड जायचं. कारण याच दुष्काळाने त्याच्या पोरीला नोकरी लावली होती. कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत टँकरचे हुकूम टाइप करायला तात्पुरत्या पोरी घेतल्या, त्यात जगदेवी लागली. काल तिचा पहिला पगार झाला होता. "उद्या अव्वाला घेऊन दुकानात येते अण्णा," ती रात्री जेवताना म्हणाली. "तिला तिच्या पसंतीची चप्पल घ्यायची. एकदम फ्यॅशनची." यावर तिची आई, शिवकांता, हसून म्हणाली, "मला कशाला गं फ्यॅशन? आणि मी कशाला येऊ? तुझे अण्णा आणतेत की." ती येईल असं मन्मथला काही वाटलं नाही. सव्वीस वर्षांत ती दुकानाची पायरी चढली नव्हती. दर दिवाळीला तो काळी, साधी, चार नंबरची चप्पल घरी नेई. ती चपलेला आणि नवऱ्याला हळदीकुंकवाच्या हाताने नमस्कार करी आणि घाली.

इंजिनियरची बायको सँडल घेऊन गेली. मन्मथ खोकी रचू लागला. दोन-अडीचचा सुमार, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात चपलांच्या माळांखालून त्याला दोन पाय येताना दिसले.

सवयच ती. त्याने पाहिलं. पोपटी लुगड्याचा काठ, त्याखाली धुळीने भरलेली काळी चप्पल, आणि बाई अशी चाललेली की जणू प्रत्येक पाऊल टाकण्याआधी जमिनीची परवानगी घेते. टाच चपलेच्या बाहेर. बोटं आखडून पुढचा पट्टा धरून ठेवलेला. डावा पाय किंचित बाहेर फेकत होती.

"मालक, ही बाई बगा," मन्मथ हळूच म्हणाला. पण रिकाम्या दुकानात हळू बोललेलंही खणखणीत ऐकू जातं. "सहा नंबरचा पाय हाय आणि चार नंबरची चप्पल घालून राहिली. डाव्या करंगळीला कुरूप असंल, लई जुनं. कुण्या येड्यानं आणून दिली असंल की!"

माळा बाजूला झाल्या. बाई आत आली आणि मन्मथने मान वर केली.

शिवकांता होती.

मालक हसायच्या बेतात होते, ते खोकले. शिवकांताने पदर सारखा केला, भिंतीकडे पाहत म्हणाली, "ऊन लई हाय भाईर." ऐकलं होतं तिने. ऐकलं नाही असं दाखवायची तिची तऱ्हा मन्मथला माहीत होती.

मागोमाग जगदेवी आली. "मीच म्हणलं अव्वाला, तू पुढं हो. न्हाई तर ही मागच्या मागं पळाली असती घरी."

गावभरच्या बायांच्या चाली मन्मथला पाठ होत्या, आणि घरच्या बाईची चाल त्याने आज पहिल्यांदा पाहिली होती. पाहणार तरी कधी? देवळात जा, पाहुण्यांकडे जा, नांदेडला बहिणीच्या घरी जा, शिवकांता कायम त्याच्या दोन पावलं मागे. त्यांच्यात बाईने पुढे चालायची रीतच नव्हती. कधी ती फार मागे राहिली की हा मान न वळवता म्हणायचा, "चल की जरा पटापटा. गोगलगाय हाईस का?" आणि ती मागून म्हणायची, "आले आले." एवढंच.

"बस अव्वा," जगदेवीने आईला खुर्चीवर बसवलं. "अण्णा, ती दाखवा, मरून रंगाची. बकलाची. अव्वा येताना काचेतनं तिच्याकडंच बगत होती."

"मी कुठं बगत होते? काय तरी सांगती."

मन्मथने यंत्रासारखा हात वर केला आणि सँडल काढली. बारीक पट्टे, बाजूला सोनेरी बकल, दोन बोटं टाच. त्याच्या लक्षात आलं की शिवकांताला असलं काही आवडत असेल, हे आपल्या कधी मनातही आलं नाही. काळी साधी, चार नंबर. संपला विषय.

"पाय दे," तो म्हणाला.

शिवकांताने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "पाय कशाला? माप आणलंय की मी." तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक फडकं काढलं, फडक्यातून एक तुराटीची काडी. जुनी होऊन ती मधासारख्या रंगाची झाली होती. एका बाजूला भस्माचा पांढरा डाग. "देवाच्या देवळीत ठिवलेली होती. तुमीच तर दिली होती लग्नात, जपून ठिव म्हणून."

मन्मथने काडी हातात घेतली, आणि सवयीनेच डोळ्यापाशी नेली. एक टोक विळ्याने कापलेलं, सफाईदार. दुसरं टोक मोडलेलं. धागे निघालेले.

आणि त्याला अहमदपूरचा स्टँड आठवला. एकवीस-बावीसचा होता तो. शिवकांताच्या भावजयीने नवरीच्या पायाचं माप म्हणून ही काडी दिली होती. सदऱ्याच्या खिशात ती मावत नव्हती, वर डोकं काढून होती. एस.टी.त चढताना गर्दीत कुणाचं तरी कोपर लागलं आणि टोक कट्‌कन मोडलं. मोडकं टोक कुठे पडलं ते सापडलं नाही. पण किती मोडलं ते त्याने पाहिलं होतं. 'एक बोट जास्त,' त्याने स्वतःला बजावलं. 'दुकानात सांगायचं, काडीपेक्षा एक बोट जास्त.' सगळ्या वाटेने तो हेच घोकत आला. आणि गोलाईत उतरल्यावर, ती रोषणाई, ते बांगड्यांचे ढीग, ते नवरदेवपण, यात ते एक बोट विसरून गेला. याच दुकानात आला होता. ईश्वरप्पांच्या वडिलांनी काडी मोजून 'चार नंबर' म्हणून चप्पल दिली, बोलता बोलता पोरगा हुशार वाटला म्हणून नोकरीही दिली. चप्पल घ्यायला आला तो दुकानातच राहिला. तेव्हापासून काडी लागलीच नाही. बायकोचा नंबर चार, हे त्याला पाठ होतं.

एक बोट म्हणजे दोन नंबर. सव्वीस वर्षं.

"मोडकी काडी हाय ही," तो म्हणाला. "तुला... पयल्या दिवशी कळलं न्हाई का गं, लहान होऊन राहिली म्हणून?"

"कळलं की," शिवकांता म्हणाली.

"मग?"

"आईला म्हणलं मी. आई म्हणली, सासरची पयली वस्तू अपुरी हाय म्हणू नये. संसार अपुरा ऱ्हातो." ती हातातल्या फडक्याची घडी घालत होती. "आन् मग तुमी ह्याच धंद्यात लागलाव. लोक म्हणायचे, मन्मथअप्पा नुसता पाय बगून नंबर सांगतेत. मला वाटलं, तुमाला तर समजतंय सगळं. तवा माझाच पाय वाढला असंल."

माझाच पाय वाढला असंल! मन्मथला भडभडून आलं. लोकांच्या काड्यांची टोकं तपासण्यात हयात गेली, आणि घरातली मोडकी काडी देवापाशी पुजली गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हिने एका शब्दाने सांगितलं असतं तर! पण आपण तरी एका शब्दाने कुठे विचारलं? इतक्या अनोळखी बायांना विचारलं, 'अक्का, कुठं टोचतंय का?' हिला कधी विचारलं?

"पाय दे," तो पुन्हा म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"नगं."

"शिवकांता, पाय दे. मोजू दे मला."

"तुमी माझ्या पायाला हात लावणार? चार लोकांत? मला पाप लागंल न्हाई का?" ती खरोखर घाबरली होती. "इष्टलिंग हाय तुमच्या गळ्यात."

"दिवसभर धरतो की बायांचे पाय. तवा गळ्यातलं लिंग काय मालकाच्या गल्ल्यात ठिवतो?"

"त्या गिऱ्हाईक हायत्या. मी बायको हाय."

मालक गल्ल्यावरून उठून उगाच बाहेर पाटी बघायला गेले. भला माणूस. जगदेवीने पर्समधून पगाराचं पाकीट काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"अव्वा, आज तू गिऱ्हाईक हाईस. पैसे माझे हायत, दुकान मालकाचं हाय, आणि हे दुकानातले मन्मथअप्पा. आता दे पाय."

मन्मथने मान खाली घातली. मांडीवर हात पसरला. आणि इतक्या वर्षांत जे आपल्या बायकोला तो कधी म्हणाला नव्हता ते त्याच्या तोंडून सहज निघालं.

"पाय द्या, बाई."

मग चप्पल जमिनीवर सुटल्याचा आवाज आला आणि त्याच्या तळहातावर एक पाय आला. हलका, भीत भीत आलेला. करंगळी शेजारच्या बोटाखाली गेलेली. कुरूप जुनं, दगडासारखं. अंगठ्याचं नख काळं. टाचेवर भेगा, आणि मध्ये एक रेघ, चपलेची मागची कड जिथे रोज रुतायची तिथे. हे सगळं त्याने माळांखालून बरोबर सांगितलं होतं. हात लावल्यावर मात्र काहीच सांगता येईना.

त्याने लाकडी पट्टीवर पाय ठेवला. सहा.

त्याच वेळी शिवकांता वाकली. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसा तिने त्याच्या खांद्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. दुसरा पाय दिला तेव्हा पुन्हा लावला. तिचं तिच्यापाशी असू दे, मन्मथला वाटलं.

मरून रंगाची सँडल सहा नंबरात नव्हती. सेलचा शेवटचा दिवस, फॅशनचे मोठे नंबर चार दिवसांपूर्वीच उडाले होते. पाच नंबर त्याने लावून पाहिला नाही. जगदेवी म्हणाली, "पाच घालून बघ की, थोडी ताणंल." त्यावर तो इतक्या जोरात "न्हाई!" म्हणाला की पोरगी दचकली. सगळी फळी त्याने खाली काढली. सहा नंबरात रबरी स्लिपर होत्या, म्हाताऱ्यांच्या. त्या त्याने परत ठेवल्या. शिवकांता बकलाकडे एकदा बघून म्हणाली, "जाऊ द्या, माझं काय अडलंय?" हे वाक्य तो घरी कितीदा ऐकून सोडून देत आला होता. आज सोडवेना.

सगळ्यात वरच्या फळीवर एक खोकं होतं. आग्र्याच्या मालात आलेले बायकांचे बूट. तपकिरी, घोट्यापर्यंतचे, बाजूला चेन. लातूरच्या उन्हात हे कोण घालणार म्हणून मालकांनी त्या आग्रेवाल्याला वर्षभर शिव्या दिल्या होत्या. लेबलावरची किंमत तीनदा खोडलेली होती. मन्मथ शिडीवर चढला.

"अगं बया! बूट?" शिवकांताने तोंडाला पदर लावला. "मी काय फौजदार हाय?"

"घाल तर."

त्याने बुटात पावडर टाकली, चेन उघडली, करंगळीवर कापसाचा बोळा ठेवला, आणि पत्र्याच्या चमच्याने टाच अलगद आत उतरवली. चेन लावली. पुढे अंगठा दाबून पाहिला. जागा होती. आत बोटं सरळ होती.

"कुठं टोचतंय का?" त्याने विचारलं.

शिवकांता खाली बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. "बोटं मोकळी हायत," ती म्हणाली. आणि मग एकदम हसली, पोरीसारखी. "दिसतंय काय पण! लुगड्याखाली बूट!"

"लई भारी दिसतंय अव्वा," जगदेवी म्हणाली. "आमच्या कचेरीत साहेबीणबाईंकडं पण न्हाईत असले."

मालक आत आले. खोकं बघितलं, बूट बघितले, शिवकांताकडे मात्र पाहिलं नाही. "जगदेवी, तुझ्याकडं हायत तेवढ्यात ने. हे ठिवून मी काय पूजा करू? आणि मन्मथ, सोडून ये वहिनीला घरापतूर. गिऱ्हाईक काय येऊन राहिलं न्हाई."

जगदेवी कचेरीकडे वळली. रस्त्यावर आल्यावर शिवकांता सवयीने थांबली, मन्मथ पुढे होण्याची वाट बघत. तोही थांबला. त्याच्या हातात तिच्या जुन्या चपला होत्या. त्या खोक्यात घालायचं तो विसरला होता. चपलेच्या मागच्या भागाला फारशी झीज नव्हती. पुढे मात्र पाच बोटांचे पाच खड्डे पडले होते.

"तू हो पुढं," तो म्हणाला.

"मी? लोक काय म्हणतील?"

"हो म्हणलं ना."

ती चालू लागली. मन्मथ बघत राहिला. बूट सहा नंबरचे होते, पण चाल अजून चार नंबरचीच होती. तसंच प्रत्येक पावलाला जमिनीला विचारणं, तसाच डावा पाय बाहेर. कुणी पायात काटा नसताना काट्यावर चालावं तशी ती चालत होती. ही चाल आता जन्मभर अशीच राहायची, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याचा धंदाच तो.

वळणावर टँकर उभा होता. भोवती घागरींची ही गर्दी. टँकरच्या गळतीने रस्त्यावर पाण्याचा चांगला हातभर रुंद ओहोळ झाला होता. शिवकांता काठाशी थांबली. तिने मागे वळून पाहिलं.

"चाल," मन्मथ म्हणाला. "मी हाय मागं."

तिने लुगडं चिमटीत धरून थोडं वर घेतलं आणि पाय टाकला. लांब टाकला. टाच आधी पडली, मग अख्खा तळवा. दुसरा पाय त्यामागे आला, सरळ. ओहोळाच्या पलीकडे ती जरा डुगडुगली, सावरली, आणि आपणच आपल्या पायांकडे बघून पुढे निघाली.

टँकरपाशी उभ्या असलेल्या बायांनी आधी तिच्या बुटांकडे पाहिलं. मग मागून येणाऱ्या मन्मथकडे आणि त्याच्या हातातल्या चपलांकडे. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

मन्मथने चपला लपवल्या नाहीत. बायकोच्या चपला हातात धरून, तिच्या दोन पावलं मागे, तो भर उन्हात चालत राहिला.